एकच जेवण, एकच जंतू, दोन रिपोर्ट : खानापूर तालुक्यातलं साल्मोनेलाचं एक प्रकरण

गाव खानापूर तालुक्यातलं, नाव देत नाही. घरातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. बाकी प्रकरण सगळं मांडते, कारण एकाच घरातले आजोबा आणि नातू, दोघांच्या अंगात एकच जंतू, आणि तरी दोघांचे औषधांचे रिपोर्ट वेगळे, असं का झालं हे एकदा समजलं की खाण्यातनं येणाऱ्या जंतूंना औषधं का लागू पडेनात यातलं बरंच काही समजतं. मी बेळगावात मायक्रोबायोलॉजीचं काम करते, त्यामुळं हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं ते जंतू वाढवायच्या प्लेटा आणि बाटल्यांच्या रूपात, माणसं नंतर भेटली.

गावात लक्ष्मीची यात्रा होती. पै-पाहुणे बेळगावातनं, नंदगडातनं, चंदगड तालुक्यातनं आलेले, जेवणाला मटण, आणि मटण पुरायचं नाही म्हणून जोडीला ब्रॉयलरची कोंबडी. रस्सा चुलीवर मोठ्या पातेल्यात रटरट उकळलेला, त्यात साल्मोनेला, म्हणजे खाण्यातनं पोटात जाऊन जुलाब लावणारा हा जंतू, जगणं शक्य नाही. पण घरातल्या वैनींना सावकाश बसून विचारलं तेव्हा कळलं की कोंबडीचे तुकडे ज्या फळीवर साफ केले त्याच फळीवर नुसतं पाणी मारून कांदा आणि काकडी चिरली, आणि ती कच्चीच ताटात वाढली. यात्रेच्या घाईत हे कुठल्याही घरात होतं, वैनींना बोल लावायचं कारण नाही, पण असा प्रश्न विचारला नाही तर सगळे रश्श्यालाच दोष देत बसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासनं जेवलेल्यांपैकी कितीतरी जणांना जुलाब, पोटात मुरडा, काहींना वांत्या आणि ताप सुरू झाला. साल्मोनेलाला बहुतेक वेळा १२ ते ३६ तास लागतात, त्यात हे बरोबर बसतं.

बाकीचे दोन-तीन दिवसांत आपोआप बरे झाले. राहिले दोघं. आबा, वय सत्तरीच्या आसपास, बरीच वर्षं शुगर. आणि त्यांचा नातू, चार वर्षांचा. आबांना मेडिकलमधनं जुलाबाच्या गोळ्या आणून दिल्या, त्यात ऑफ्लॉक्सासिन होतं. पोराला जवळच्या एका दवाखान्यात पहिल्याच दिवशी सेफिक्झिमचं सिरप चालू झालं. पोराला ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं, नुसती पातळ शी होत होती आणि तो पाणी पीत होता. अशा वेळी ओआरएस आणि झिंक एवढंच पुरतं. साल्मोनेलाच्या साध्या जुलाबात अँटिबायोटिकनं आजार लवकर जात नाही, उलट जंतू शीतनं बाहेर पडत राहण्याचा काळ लांबू शकतो, हे बालरोगतज्ज्ञांना चांगलं माहीत असतं, पण गावात सिरप न देता पाठवलं तर आईबापाला वाटतं डॉक्टरनं काहीच केलं नाही.

आबांना गोळ्यांनी उतार पडला नाही. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा बेळगावात आणून ॲडमिट केलं आणि ब्लड कल्चर लावलं, म्हणजे रक्तात जंतू आहे का बघायला ते बाटलीत वाढायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली पॉझिटिव्ह. मग जंतू ओळखायच्या नेहमीच्या चाचण्या. ग्रॅम निगेटिव्ह कांड्या, मॅकॉन्कीच्या प्लेटवर फिक्या कॉलन्या (कॉलनी म्हणजे एका जंतूपासनं वाढलेला ठिपका) म्हणजे लॅक्टोज न खाणाऱ्या, टीएसआयच्या नळीत वर लाल खाली पिवळं आणि मध्ये काळं, अँटिसिरमला ग्रुप बी. म्हणजे टायफॉइडचा नव्हे, खाण्यातनं येणारा साल्मोनेला. पक्कं सिरोटायपिंग, म्हणजे साल्मोनेलाचा नेमका उपप्रकार ओळखणं, हिमाचलातल्या कसौलीच्या राष्ट्रीय केंद्रात होतं, तिथं पाठवला तो टायफिम्युरियम निघाला.

आता आबांच्या जंतूचा औषधांचा रिपोर्ट, कारण पहिला धागा तिथं आहे. जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या, म्हणजे डिस्क ठेवतात, भोवती जंतू न उगवलेलं जे वर्तुळ दिसतं तो झोन. झोन मोठा तर जंतू औषधाला सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू, छोटा तर रेझिस्टंट. अँपिसिलिन रेझिस्टंट. टेट्रासायक्लिन रेझिस्टंट. सेफ्ट्रायॅक्झोन सेन्सिटिव्ह. नॅलिडिक्सिक ॲसिड हे सिप्रो-ऑफ्लॉक्सच्याच क्विनोलोन गटातलं जुनं औषध, त्याचा झोन २० मिमी, म्हणजे तक्त्याप्रमाणं सेन्सिटिव्ह. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन २४ मिमी. २०१२-१३ पर्यंत हाच २४ सेन्सिटिव्ह म्हणून छापला गेला असता, कारण तेव्हा २१ च्या वर सगळं चालायचं. आता साल्मोनेलासाठी ३१ किंवा जास्त असेल तरच सेन्सिटिव्ह, २१ ते ३० इंटरमीडिएट, २० आणि खाली रेझिस्टंट. हा बदल उगाच झालेला नाही, कागदावर सेन्सिटिव्ह दिसणाऱ्या जंतूंवर सिप्रो फेल जायला लागलं तेव्हा झाला.

पण नॅलिडिक्सिक ठीक आणि सिप्रो कमी, हे उलटं आहे. नेहमी दिसतं ते असं की जंतूच्या स्वतःच्या क्रोमोसोमवर, म्हणजे मुख्य डीएनएवर, जायरए नावाची जी जीन आहे तिच्यात बदल होतो. ही जीन डीएनए गायरेज एन्झाइमचा एक भाग बनवते, गायरेज डीएनएला पीळ घालायचं काम करतं, आणि सिप्रो किंवा ऑफ्लॉक्स तिथंच जाऊन चिकटतात. जायरएच्या ८३ किंवा ८७ नंबरच्या जागेवरचं एक अमिनो ॲसिड बदललं की औषधाला धरायला जागा नीट मिळत नाही. असं एक म्युटेशन झालं तरी नॅलिडिक्सिक पूर्ण निकामी होतं आणि सिप्रो अर्धवट. म्हणूनच कितीतरी वर्षं लॅबमध्ये नॅलिडिक्सिकची डिस्क लावून सिप्रोचा अंदाज घ्यायचे. आबांच्या जंतूत नॅलिडिक्सिक शाबूत होतं, म्हणजे जायरएवर संशय घ्यायला जागा कमी.

म्हणून त्याच गटातल्या पेफ्लॉक्सासिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क लावली. २४ मिमीच्या खाली झोन आला तर क्विनोलोन गटाला रेझिस्टंस आहे असं धरायचं. आला १८. यावरनं क्यूएनआर गटातल्या जीनची शंका पक्की झाली. या जीनपासनं एक प्रोटीन तयार होतं ते गायरेजला जाऊन बसतं आणि औषधापासनं वाचवतं. गायरेज जसाच्या तसा राहतो, त्याला संरक्षण मिळतं एवढंच. ही जीन क्रोमोसोमवर नसते, प्लास्मिडवर असते, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यावर, आणि १९९८ साली पहिल्यांदा असं प्लास्मिड सापडलं तेव्हा मोठा धक्का होता, कारण तोपर्यंत क्विनोलोनचा रेझिस्टंस फक्त म्युटेशननं येतो, एका जंतूकडनं दुसऱ्याकडं जात नाही असं मानत होते. ज्या लॅब अजून फक्त नॅलिडिक्सिकवर भरोसा ठेवतात त्यांच्याकडनं हा प्रकार सुटतो. पेफ्लॉक्सासिनलाही सगळं सापडत नाही, सिप्रोचाच रेणू बदलून टाकणारं एक एन्झाइम आहे ते पेफ्लॉक्सासिनला हात लावू शकत नाही, त्यामुळं ते या डिस्कला दिसत नाही. म्हणून जमेल तिथं सिप्रोची एमआयसी, म्हणजे जंतू रोखायला कमीत कमी किती औषध लागतं ते, काढलेली बरी.

आबांचं ऑफ्लॉक्स लागू का पडलं नाही याचं उत्तर बऱ्यापैकी इथंच होतं. क्यूएनआर एकट्यानं फार मोठा रेझिस्टंस देत नाही, पण रक्तात साल्मोनेला आणि वर शुगरचा पेशंट म्हटल्यावर अर्धवट औषधही धोक्याचं, आणि अशा अर्धवट औषधाखाली जगलेल्या जंतूंतनं पुढं जायरएचं म्युटेशन झालेले वर यायला सोपं जातं. डॉक्टरांनी सेफ्ट्रायॅक्झोन सलाइनमधनं चालू केलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पन्नाशीपुढच्या माणसाच्या रक्तात हा जंतू आला की मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसायची भीती असते, म्हणून पोटाची आणि हृदयाची तपासणी केली, ती व्यवस्थित निघाली, एकूण दोन आठवडे औषध चाललं.

खरं प्रकरण सुरू होतं ते नातवापासनं. आबांचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून बालरोगतज्ज्ञांनी पोराची शी पाठवायला सांगितली. पोर त्यावेळी सिरपच्या पाचव्या दिवसावर, जुलाब कमी झालेले पण थांबलेले नाहीत. साल्मोनेला वेगळा करायला सेलेनाइट ब्रॉथमधनं एक्सएलडीच्या प्लेटवर टाकलं, दुसऱ्या दिवशी लाल कॉलन्या, मध्ये काळा ठिपका. ग्रुप बी, म्हणजे आजोबांचाच जंतू, आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते डिस्क वाचताना. अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, पेफ्लॉक्सासिन, नॅलिडिक्सिक सगळं आजोबांसारखं, पण सेफ्ट्रायॅक्झोन आणि सेफोटॅक्सिम दोन्हीला झोन जवळजवळ नाहीच. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जोडलेल्या डिस्कनं सेफोटॅक्सिमचा झोन ५ मिमीच्या वर वाढला, म्हणजे ईएसबीएल, सेफिक्झिम-सेफ्ट्रायॅक्झोनसारखी औषधं फोडणारं आणि क्लॅव्हुलॅनिकनं अडणारं एन्झाइम.

पहिला विचार नमुन्यांची अदलाबदल. पुन्हा शी मागवली, पुन्हा तेच. दुसरा विचार असा की कोंबडीवरच दोन प्रकारचे साल्मोनेला होते, आबांना एक गेला आणि पोराला दुसरा. हे सहज होऊ शकतं. तिसरा विचार हा की पोराच्या आतड्यातच काहीतरी घडलं. हे सिद्ध करायला मूळ एक्सएलडी प्लेट फ्रिजमधनं परत काढली आणि एकच कॉलनी न घेता बऱ्याच कॉलन्या वेगवेगळ्या उचलून प्रत्येकीला सेफोटॅक्सिम लावलं. एकाच पोराच्या एकाच शीतल्या काही कॉलन्या सेन्सिटिव्ह निघाल्या आणि काही रेझिस्टंट. रोजच्या कामात आपण एक छानशी कॉलनी उचलतो आणि तिचा रिपोर्ट देतो, त्या दिवशी दुसरी कॉलनी उचलली गेली असती तर पोराचा रिपोर्ट आजोबांसारखाच छापला गेला असता आणि हे सगळं कुणाला कळलंच नसतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

त्याच शीतला ई. कोलायही वेगळा केला. ई. कोलाय प्रत्येकाच्या आतड्यात असतो, त्याला एरवी कुणी विचारत नाही. या पोराचा ई. कोलाय ईएसबीएल होता.

पुढचं काम आमच्या लॅबच्या आवाक्यातलं नव्हतं, ओळखीच्या एका संशोधकाकडं जंतू पाठवले आणि पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून घेतला. आबांचा साल्मोनेला, पोराचा सेन्सिटिव्ह साल्मोनेला, पोराचा रेझिस्टंट साल्मोनेला, तिघांचे क्रोमोसोम अक्षराला अक्षर लावून बघितले तर नावापुरता फरक, म्हणजे मूळ एकच. तिघांतही एक प्लास्मिड सारखं, त्यावर क्यूएनआर-एस-१, अँपिसिलिनपासनं वाचवणारी टेम-१ आणि टेट्रासायक्लिनपासनं वाचवणारी टेट-ए. जायरए तिघांतही साफ. आणि पोराच्या रेझिस्टंट साल्मोनेलात एक जादा प्लास्मिड, आय-१ गटातलं, त्यावर सीटीएक्स-एम-१५ ही ईएसबीएल बनवणारी जीन. तेच प्लास्मिड पोराच्या ई. कोलायमध्येही. मग तो ई. कोलाय आणि सोडियम अझाइडला न मरणारा जे-५३ नावाचा लॅबमधला ई. कोलाय एकत्र ब्रॉथमध्ये ठेवले, अझाइड आणि सेफोटॅक्सिम दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरले, आणि कॉलन्या उगवल्या. म्हणजे प्लास्मिड स्वतःच्या पायानं चालतं, त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

सीटीएक्स-एम-१५ बद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण ही आपल्याकडची जीन म्हणायला हरकत नाही, पहिल्यांदा तिचं वर्णन झालं ते १९९९ साली दिल्लीत मिळालेल्या जंतूंवरनं. हिच्यापासनं होणारं एन्झाइम सेफिक्झिम, सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्झोन या औषधांमधली बीटा-लॅक्टम नावाची कडी फोडतं आणि औषध निकामी होतं. या जीनचं मूळ घर क्लुयव्हेरा नावाचा एक फारसा त्रास न देणारा जंतू, त्याच्या क्रोमोसोमवर ती गप्प बसलेली असते. तिथनं तिला उचललं आयएस-ईसीपी-१ नावाच्या उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यानं, आणि तो नुसता उचलून थांबला नाही, जीनच्या आधी बसून तिला जोरात चालू करणारा स्विचही त्यानंच दिला. पोराच्या प्लास्मिडवर हा तुकडा सीटीएक्स-एमच्या अगदी आधी जागच्या जागी दिसला.

म्हणजे एकाच जंतूच्या अंगात रेझिस्टंस दोन वाटांनी आलेला. क्यूएनआर, टेम आणि टेट-ए कोंबडीबरोबर आले, म्हणजे माणसाच्या अंगात शिरायच्या आधीच ते त्याच्याजवळ होते. सीटीएक्स-एम पोराच्या आतड्यात मिळालं. २०१२ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की साल्मोनेलानं आतड्याला सूज आणली की तो आणि ई. कोलाय दोघंही प्रचंड वाढतात आणि त्यांच्यातली प्लास्मिडची देवाणघेवाण एकदम वाढते. पोराच्या पोटात हेच वातावरण होतं, वरनं सेफिक्झिम. एक गैरसमज इथं काढायला पाहिजे, सिरपनं जीन तयार केली नाही. जीन आधीपासनं होती, प्लास्मिडची अदलाबदल अँटिबायोटिक नसतानाही होते. सिरपनं काय केलं तर ज्या साल्मोनेलाला ती जीन मिळाली नाही त्यांना मारलं आणि ज्या थोड्यांना मिळाली त्यांना मोकळं रान दिलं. सिरप नसतं तर तो रेझिस्टंट साल्मोनेला कदाचित गर्दीत कुठंतरी मुठभर राहिला असता आणि जुलाबाबरोबर निघून गेला असता.

कोंबडीकडच्या प्लास्मिडचंही बघा. क्यूएनआर, टेम आणि टेट-ए एकाच प्लास्मिडवर म्हणजे आपल्या वडापच्या जीपसारखं, एकाला खानापूरला जायचं असलं तरी आत बसलेले सगळेच जातात. पोल्ट्रीत कुणी टेट्रासायक्लिन वापरलं तरी टेट-एबरोबर क्यूएनआर जपलं जातं, सिप्रोच्या गटातलं औषध पक्ष्यांना कधी दिलंच नाही तरी. आणि एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं क्विनोलोन दिलं तर ते पक्ष्याच्या अंगात काही प्रमाणात सिप्रोमध्येच बदलतं, मग तर थेट निवड होते. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकवर केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंदी आणली, कारण २०१५ साली चीनमधनं एमसीआर-१ ही प्लास्मिडवरची कोलिस्टिन रेझिस्टंसची जीन समोर आली होती. बंदी बरोबरच होती. पण मांसात औषधाचा अंश किती असावा याचे जे नियम आहेत ते अंश मोजतात, जंतू मोजत नाहीत. विथड्रॉवल पिरियड, म्हणजे औषध बंद केल्यावर कापायच्या आधी थांबायचे दिवस, पाळलेली, औषधाचा कणही नसलेली कोंबडी रेझिस्टंट साल्मोनेला घेऊन दुकानात येऊ शकते, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही.

आता उपचाराचं. आबांना सेफ्ट्रायॅक्झोन लागू पडलं कारण त्यांच्या रक्तातला जंतू सेन्सिटिव्ह होता, पोराचा रिपोर्ट आधी आला असता आणि घरात एकच जंतू आहे म्हणून तोच आबांना लावला असता तर विनाकारण मेरोपेनेम या वरच्या औषधावर गेले असते. आणि उलट, पोर बिघडून त्याच्या रक्तात जंतू गेला असता आणि आजोबांच्या रिपोर्टवर सेफ्ट्रायॅक्झोन दिलं असतं तर ते फेल गेलं असतं. एका साथीतल्या एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याला लावू नये असं मी आता प्रत्येक डॉक्टरला सांगते. पोराच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्टवर इतके आर, म्हणजे रेझिस्टंट, बघूनही कुठलंच वरचं औषध चालू केलं नाही, सेफिक्झिम बंद केलं, ओआरएस, झिंक १४ दिवस, नेहमीचं जेवण. पोराची आई घाबरलेली, "मॅडम, एवढं सगळं रेझिस्टंट हाय म्हणताय आणि औषध बी बंद करताय, मग पोरगं बरं कसं व्हायचं?" तिला बसवून सांगितलं की बाई, जंतूला औषध लागू पडत नाही म्हणजे जंतू जास्त विषारी झाला असं नाही, पोराचं अंग त्याला बाहेर काढतंय, फक्त पाणी कमी पडू देऊ नकोस आणि शी धुतल्यावर साबणानं हात धू. चार-पाच दिवसांत पोर खेळायला लागलं.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साल्मोनेलाला प्लेटवर जेंटामायसिन, अमिकासिन, सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्झिम यांचा छान झोन येतो, पण पेशंटमध्ये ही औषधं काम करत नाहीत. ती रिपोर्टवर एस, म्हणजे सेन्सिटिव्ह, म्हणून छापू नयेत. आर बघून घाबरलेला डॉक्टर जो एस दिसेल तो उचलतो, आणि ते साहजिक आहे.

सीमाभागाची अडचण इथं वेगळीच होती. यात्रेला आलेल्या चंदगडकडच्या एक मावशी आजारी पडल्या, त्यांची तपासणी झाली कोल्हापूरकडं. खानापूरचा पेशंट बेळगावला येतो, चंदगडचा कधी बेळगावला कधी कोल्हापूरला, निपाणीचा तर बहुतेक कोल्हापूरला, कोंबडीची गाडी दोन्हीकडनं येते-जाते, आणि साथीची नोंद मात्र कर्नाटकात एक आणि महाराष्ट्रात दुसरी. मावशींचा रिपोर्ट आमच्यापर्यंत आला तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरनं, फोटो काढून. ग्रुप बी साल्मोनेला, अँपिसिलिन रेझिस्टंट, सेफ्ट्रायॅक्झोन सेन्सिटिव्ह. आबांसारखाच. त्यांनी सेफिक्झिम घेतलेलं नव्हतं. दोन्ही जिल्ह्यांच्या सर्व्हेलन्स अधिकाऱ्यांना सगळी माहिती लेखी पाठवली, मराठी गावातलं प्रकरण म्हणून कुणी बाजूला ठेवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पोराची शी पुढं अधूनमधून तपासत राहिलो. काही आठवड्यांनी साल्मोनेला येईनासा झाला. ईएसबीएल ई. कोलाय अजून येतो. त्याला औषध द्यायचं नसतं, आतड्यात नुसता राहतो म्हणून उपचार करत नाहीत. त्याच्या फाइलवर मात्र पहिल्याच पानावर तसं लिहून ठेवलंय आणि आईला फाइल जपून ठेवायला सांगितलंय, म्हणजे उद्या पोराला लघवीचं इन्फेक्शन किंवा दुसरं काही झालं तर जो डॉक्टर बघेल त्यानं आधी कल्चर पाठवावं आणि सेफिक्झिमपासनं सुरुवात करू नये.